मूळ नक्षत्र संपेपर्यंत

"सूनबाई, आज मूळ आहे. मुळावरचं मूल बापाच्या जिवावर येतं. उद्या सकाळपर्यंत कळा रोखून धर."

सासरे पंचांगातून मान वर न करता म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते. मी दाराची चौकट धरून उभी होते. पहिल्या दोन्ही मुली पोट फाडून झालेल्या. या वेळी माधवनगरच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यासमोर बजावलं होतं: कळ आली की घरी थांबायचं नाही, जुना टाका आतून उसवला तर दोघंही जाल. सासऱ्यांनी ऑपरेशनचा मुहूर्त काढून ठेवला होता. उद्याचा.

घरात नवा फोन आला होता. त्यावरून पहिला फोन गेला तो ज्योतिषाला.

"अहो, टाका दुखतोय," मी नवऱ्याला म्हणाले.

"बाबांना कसं सांगू?"

सासूबाई म्हणाल्या, "इतकं काय घाबरायचं? पहिलटकरीण थोडीच आहेस."

आणि मला लाज वाटली. खरंच सांगते, जीव जायची वेळ आणि मला लाज वाटली. निमूट जाऊन पलंगावर पडले. त्या पडून राहण्याचा राग अजून गेलेला नाही.

दुपारी दोनला आत काहीतरी फाटलं. कळा एकदम थांबल्या.

"बघा, थांबल्या की नाही," सासरे म्हणाले.

मी उठले. कुणाला विचारलं नाही. भिंत धरत रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली. "दादा, दवाखान्यात. लवकर." नवरा अनवाणी मागे धावत आला.

बाळ गेलं. मुलगा होता. माझी पिशवीही काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी सासरे वही-पेन घेऊन आले. नर्सला जन्माची नेमकी वेळ विचारू लागले. दोष कुठला होता ते बघायचं होतं.

"मला विचारा," मी म्हणाले. "नऊ वाजता मी सांगितलं. दोन वाजता एकटी निघाले. मधले पाच तास लिहा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आज माझ्या धाकटीला आठवा महिना आहे. तिचंही पहिलं ऑपरेशनचंच. तिच्या सासरी मुहूर्ताची बोलणी चालू आहेत. मी काल जाऊन सांगून आले: कळ आली की मी तिला नेणार. आडवं येईल त्याला ढकलून नेणार.