‘नको’ सोडलेला उपास

आमच्या मंडळीत लेंत आला की पहिला प्रश्न एकच: यंदा काय सोडलं? लेंत म्हणजे ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपासाचे चाळीस दिवस. कुणी मटण सोडायचं, कुणी चहा, कुणी तंबाखूचा खर्रा. शेजारच्या काकांनी एका वर्षी शिव्या सोडल्या, तर त्यांचे बैल सण होईपर्यंत जागचे हलेनात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव तसं तालुक्याचं, पण चर्च एवढंसं. कुणी काय सोडलं आणि कुणी ते चोरून खाल्लं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मार्च उजाडला तरी लोकांच्या घरात कापूस तसाच, आज भाव चढेल, उद्या चढेल म्हणून ठेवलेला. मी सांगते आहे त्या वर्षी, लेंतच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक शेतकरी म्हणाला, “पाळकसाहेब, औंदा कापसानंच आमच्याकून सारं सोडवून घेतलं. आता देवासाठी वेगळं कुठून आणू?” सगळे खो खो हसले. पाळकसाहेबही हसले. मी हसले नाही. मी रागानं धुमसत होते, कारण मला उपास करायला बंदी होती.

झालं असं होतं. मी नागपूरला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा चांगली अंगानं भरलेली होते. होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी म्हणाली, “तुले त दोन खाटा लागतीन.” सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि ते वाक्य घेऊन झोपले. लेंत आला तेव्हा मी रात्रीचं जेवण सोडलं. देवाचं नाव पुढे आणि कंबर त्याच्या मागे लपलेली. सुट्टीत घरी आले की चर्चमधल्या बाया कानशिलावर बोटं मोडायच्या, काय पोरीची भक्ती! होस्टेलच्या मुली म्हणायच्या, किती छान दिसायला लागलीस. देव खूश, आरसा खूश, मग थांबायचं कशाला? लेंत संपला, सण झाला, माझा उपास काही संपला नाही. भात गेला, मग पोळी गेली, मग पाळी यायची थांबली. आरशात मात्र मला तीच दोन खाटांची मुलगी दिसायची, आणि तिचा मला मनापासून तिटकारा होता.

पुढच्या हिवाळ्यात मी वॉर्डात एका आजोबांना उठवून बसवत होते, तर मीच खाली पडले. आजोबांनी उठून मला स्वतःची खाट दिली. कॉलेजनं मला घरी पाठवलं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं आणि नीट झापलंही. म्हणाल्या, “तुझी भूक मेलेली नाही, रुसलेली आहे. ती येईपर्यंत घड्याळ पाहून जेवायचं. ज्या दिवशी आपणहून भूक लागेल त्या दिवशी मला येऊन सांग, मग मी कॉलेजला पत्र देते. तोवर नाही. स्वतःलाच उचलता येत नाही, ती पेशंटला काय उचलणार?” मला नर्सच व्हायचं होतं. दुसऱ्या कशात मन नव्हतं आणि दुसरं काही येतही नव्हतं. म्हणून मी औषध घ्यावं तशी जेवायला लागले. आई ताटासमोर पहाऱ्याला बसायची. घास गिळला जायचा, पण भूक काही फिरकायची नाही.

अशात लेंत आला आणि आईनं फर्मान काढलं, उपासाचं नाव काढायचं नाही. मी तणतणत पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, “सगळी मंडळी उपास करणार अन् मी एकटी चरत बसू? मले काहीच सोडाचं नाही का?”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “सोड ना. तू ‘नको’ सोड.”

“म्हणजे?”

“कोणी प्रेमानं ताटात वाढलं, तर सण येतपर्यंत ‘नको’ म्हणाचं नाही. माह्यापेक्षा तुहाच उपास कडक आहे, पाहजो.”

पाळकसाहेबांनी हे फक्त पाळकीणबाईंना सांगितलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी गावभर झालं. लेंतात आमच्याकडे रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, आणि दिवसभराचा उपास तिथेच सुटतो. खरं सांगायचं तर उपासाच्या दिवसांत आमची मंडळी जितकी खाते तितकी नाताळातही खात नाही. पोहे, गुलगुले, आलूबोंडे, वर चहा. प्रत्येक घरात बायका माझ्याकडे पाहून गालात हसायच्या आणि चमचा जास्तच भरायच्या. आईनं तर त्या शपथेचा पुरेपूर फायदा घेतला. भांडी घास, दळण आण, चादरी धू. मी म्हटलं, ‘नको’ फक्त खाण्यापुरतं सोडलं आहे. ती म्हणाली, “असं बारीक अक्षरात लिवेल होतं का?”

हे सगळं हसत सांगते आहे खरं, पण तेव्हा एकेक बशी संपवताना डोळ्यांत पाणी यायचं. घरी येऊन मी कपड्यांवरून पोट चाचपायची. शिवण घट्ट लागली की रात्रभर स्वतःवर चिडायची. खाताना आणि खाल्ल्यावर, दोन्ही वेळा मला भीती वाटायची. देवाला म्हणायची, तुला सोपा उपास सुचला नाही का?

एक संध्याकाळ लख्ख आठवते. प्रार्थना एका म्हाताऱ्या विधवा मावशीच्या घरी होती. ती एकटी शेती करायची. तिच्या बैठकीत कापूस थेट आढ्यापर्यंत भरलेला. बसायला जागा नाही, म्हणून अर्धी मंडळी कापसाला टेकून बसली. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की शिंकायचे. आमेनच्या आधी एक शिंक, नंतर दोन. अंगाला खाज सुटलेली, पोरं ढिगात घुसलेली, आणि देवाचं नाव कसंबसं चाललेलं.

शेवटी मावशीला पाटवड्यांचं पातेलं आत ठेवायला जागा हवी होती. ती मला म्हणाली, “ते गाठोडं बाजूले ठेव वं पोरी.” कापसाचंच गाठोडं, तेही मध्यम. मी वाकले, दोन्ही हात घातले, आणि ते जागचं हललं नाही. पुन्हा जोर केला. मीच त्याच्यावर उताणी पडले. सगळं घर हसलं. मावशी सगळ्यांत जास्त.

“आता बप्पा!” ती म्हणाली. “कापूस नाही उचलत तुह्याच्यानं? माणूस कसा उचलशीन?” मग तिनं स्वतःच्या दंडावर थाप मारली. तो दंड जाड, काळा आणि घट्ट होता. “हे पाह्य. हे काय दाखवाले हाय का? हे कामाले हाय. खाय.”

मला असा राग आला की कान तापले. मी बशी ओढली आणि त्या पाटवड्या, त्यांच्यावरचा झणझणीत रस्सा, सगळं रागानं खाल्लं. गंमत म्हणजे त्या खाण्यात भीती नव्हती. राग एवढा मोठा होता की तिला बसायला जागाच उरली नाही. घरी जाताना मी प्रथमच आरशातल्या मुलीचा विचार न करता माझ्या दंडांचा विचार करत होते.

त्यानंतर रोज मी आईच्या हातातलं दळण घेऊ लागले, आधी अर्धं, मग सगळं. झावळ्यांच्या रविवारी आईनं माझ्या दोन ब्लाउजांची शिवण उसवून सैल केली आणि मी काही बोलले नाही. बोलायचं मनात होतं, पण गिळलं. तरीही भूक अजून लागली नव्हती. सण आठवड्यावर आला होता आणि कॉलेजचं नवं सत्र सणानंतर लगेच सुरू होणार होतं. डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पण आईसमोर खोटं टिकत नाही. ती तोंड पाहून ओळखते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळी मंडळी रात्रीपासून उपाशी असते. दुपारी बारा ते तीन उपासना, येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द, एकेका शब्दावर एकेक प्रवचन. आई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसते आणि तीन तास मान हलवत नाही. लहानपणी आम्ही मागे वळून पाहिलं तरी चिमटा मिळायचा. उपासनेतून मध्येच उठणं म्हणजे आमच्या घरात मोठाच गुन्हा. मला तिनं सकाळी घड्याळ पाहून जेवू घातलं होतं आणि शेजारी बसवलं होतं.

चौथा शब्द झाला. पत्रे तापलेले, पंखा बंद, कुणी खोकतही नव्हतं. पाचवा शब्द तहानेचा, ‘मला तहान लागली आहे.’ पाळकसाहेब ते वाचून क्षणभर गप्प राहिले आणि त्या शांततेत माझं पोट गुरगुरलं. एवढ्या जोरात की पुढच्या पोरानं वळून पाहिलं. पोटात खड्डा पडला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि मला ज्वारीची भाकर हवी होती. गरम. आत्ता. हे काय होतं ते ओळखायलाच मला थोडा वेळ लागला.

मी आईच्या कानाशी लागले. “आई, मले भूक लागली.”

तिनं मान वळवली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि माझी आई, पाचव्या शब्दाच्या प्रवचनात, सगळ्या मंडळीसमोर उठून उभी राहिली. माझा हात धरून ती मधल्या वाटेनं बाहेर निघाली. पाळकसाहेब थांबले, आम्हाला जाऊ दिलं, मग पुढे बोलू लागले.

घर चर्चच्या मागेच. चूल थंड होती. रात्रीपासून उपाशी असलेल्या आईनं ती पेटवली, पीठ घेतलं, थापायला बसली. “खरंच लागली?” तिनं विचारलं. मी म्हटलं, लागली. तव्यावर भाकर टाकून तिनं पुन्हा विचारलं, “घड्याळाची नाही ना? खरी?” आणि हात पिठाचे असल्यामुळे डोळे पुसता येईनात, म्हणून ती तशीच रडत बसली. मला ओरडावंसं वाटलं, कारण भूक लागली की मी भांडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

“किती खेपा सांगू वं? लागली!” मी ओरडले. “आधी भाकर उलटव, रडजो मंग! करपून राह्यली ना!”

आई रडता रडता हसायला लागली. भाकर एका बाजूनं काळी झाली होती. मी ती जवसाच्या चटणीशी उभ्याउभ्याच खाल्ली आणि रिकामी थाळी तिच्यापुढे धरली. “अजून एक दे.”