एक माप मोठं

तलावाच्या धक्क्यावर होड्या भाड्यानं मिळत, पण होडीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाला बूटमावशीच्या बाकावर बसावंच लागे. वय एकसष्ट, केस आखूड कापलेले, गळ्यात मापाची पट्टी. तिचं खरं नाव नावाड्यालाही ठाऊक नव्हतं आणि त्यानं कधी विचारलंही नव्हतं. तिकिटाच्या खिडकीमागं तिची खोली होती. तीन भिंतींना खुंट्या, खुंट्यांवर वाळत घातलेले बूट, चौथ्या भिंतीला तिची खाट. ओल्या रबराचा वास तिच्या चादरीतसुद्धा शिरलेला.

आधी बावीस वर्षं ती बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवत होती. कारखाना बंद पडल्यावर इथं आली. येऊन पाहते तर लोक चामडी तळाचे बूट घालून ओल्या फळीवर उतरत होते आणि धडाधड पडत होते. तिनं मालकाला सांगितलं, की मला एक बाक द्या आणि रबरी तळाचे साठ जोड द्या. तेव्हापासून अकरा वर्षं तिचा शब्द धक्क्यावर कुणी खाली पडू देत नव्हतं.

उन्हाळ्यात लोकांना अनवाणी बसायची हौस. फळी तव्यासारखी तापलेली असे, म्हणून ती पातळ कापडी बूट पुढं सरकवी. पावसाळ्यात टाचेला पट्टा आणि पाणी निथळायला बाजूला भोकं असलेली सँडल. साध्या चपला ती बाकाखालीच काढून ठेवायला लावी, कारण काठाच्या चिखलात एक रुतते आणि दुसरी तरंगत जाते. थंडीत मात्र रोज हुज्जत. लोकांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवे असत आणि ती देत नसे.

“होडी उलटली तर आधी हे बूट पाणी पितील, मग तुम्हाला पाजतील,” ती म्हणे.

थंडीत तिचा नेम ठरलेला होता: जाड लोकरी मोजे, त्यावर घोट्याएवढा बिननाडीचा बूट, तोही एक माप मोठा. पाण्यात पाय झटकला की निघाला पाहिजे.

“मावशी, तुम्हाला माणसं चेहऱ्यानं ओळखूच येत नसतील,” नावाडी एकदा म्हणाला. तो चेष्टेनं म्हणाला होता, पण खोटं नव्हतं. दिवसाकाठी चाळीसेक जण तिच्यासमोर पाय पुढं करत आणि आपसांत बोलत राहत. मग होड्या निघून जात आणि लोकांच्या रिकाम्या बुटांजवळ ती बसून राही. पाच वाजता धक्का बंद होई. नावाडी सायकलवर टांग मारी. ती भात टाकी. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली, पण एकटीपुरतं शिजवायचं माप तिला कधी साधलं नाही. रोज थोडं उरायचंच.

त्या थंडीत एका कचेरीतली आठ माणसं सहलीला आली. वारा होता, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मावशी खाली मान घालून एकेकाला बूट देत चालली होती. पाचव्या माणसानं मोबाइलवर बोलता बोलताच मोजा उतरवला आणि पाय पुढं केला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेवर सायकलच्या साखळीनं कापल्याचा जुना वण.

तिचा हात थांबला. ती जखम तिनं स्वतः धुतली होती. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती सोळाची. वडील गेलेले, आई दिवसभर कामावर. धाकट्या भावाचे बूट तिनंच आणायचे, आणि दोन वर्षं पुरावेत म्हणून मोठेच आणायचे, पुढं कापसाचा बोळा घालून.

भाऊ शिकला, नोकरीसाठी दूर गेला, तिथंच संसार थाटला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईनं सात महिने एकटीनं काढले. तो दर आठवड्याला फोनवर ‘येतो’ म्हणायचा. आई गेली त्या सकाळी त्याचा फोन आला, निघतो म्हणाला. तिच्या तोंडून निघून गेलं, “आता येऊन काय करणार? नकोच येऊस.” तो आला नाही. पुढं त्यानं फोन केला नाही, तिनंही केला नाही. बारा वर्षं झाली.

“साहेब, हे तुमचे बूट नाही चालायचे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

त्यानं मान वळवली. कानाचा मोबाइल खाली आला. “ताई? तू इथं?”

“मोजे जाड आहेत ना?” तिनं विचारलं. मागं तिघं खोळंबले होते. तिनं नऊ नंबरचा जोड काढला.

“मला आठ लागतो,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे मला.”

त्यानं निमूटपणे बूट घातले आणि होडीत जाऊन बसला. जाताना दोनदा वळून पाहिलं.

तलावाच्या मध्यावर त्याच्या होडीतले दोघं फोटो काढायला एकदम उभे राहिले. धक्क्यावरून तिला होडी कलंडताना दिसली, मग होडीचा पालथा तळ दिसला. लाइफ जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती आणि नावाडी इंजिनाची होडी घेऊन केव्हाच निघाला होता, पण तेवढा वेळ तिला सरता सरेना. तिघांना वर ओढलं. तिसरा तिचा भाऊ. पायात बूट नव्हते, नुसते ओले मोजे. ते बघून तिचा जीव भांड्यात पडला.

बाकीचे चहाच्या टपरीवर शेकायला गेले. त्याला तिनं खोलीत नेलं, शेगडी पेटवली, आपले कोरडे मोजे दिले.

“तू येऊ नकोस म्हणालीस,” मोजे चढवत तो म्हणाला.

“म्हणाले. आणि तू ऐकलंस. जन्मात एवढं एकच ऐकलंस माझं.”

त्याला हसू आलं, पण ते धड उमटलं नाही. बाहेरून सोबत्यांनी हाका मारल्या. गाडी निघायची होती. तिचा नंबर घेऊन तो गेला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. हवापाणी, त्याचं गुडघ्याचं दुखणं, तिचा खोकला. चार मिनिटांत विषय संपले. मग दर दुसऱ्या रविवारी चार मिनिटं.

उन्हाळ्यात एका मंगळवारी तो एकटाच आला. बायको नंतर कधीतरी येईल म्हणाला. तिनं मुद्दाम दोघांचं शिजवलं होतं. जेवून झाल्यावर त्यानं विचारलं, ती स्वतः होडीत कधी बसली होती का. ती कधीच बसली नव्हती. मग तिनं दोन कापडी जोड काढले आणि दोघं निघाली. वल्ही त्याला मारता येत नव्हती. होडी गोल फिरत राहिली.

“मी आलो होतो,” पाण्याकडे बघत तो म्हणाला. “आई गेली त्याच दिवशी, दुपारी. दूधवाल्याच्या दुकानापर्यंत. तू दारात उभी होतीस, शेजारच्या काकूंशी बोलत. पुढं पाऊलच उचलेना. परत फिरलो.”

दुधाचं दुकान घरापासून चाळीस पावलांवर होतं. आईच्या आजारपणात ती रोज ते अंतर चालत असे. त्या दुपारी तिनं एकदा नुसतं डावीकडे पाहिलं असतं तरी तो दिसला असता. तिला रडू आलं नाही. तिनं फक्त वल्हं त्याच्या हातातून घेतलं आणि जमेल तसं मारू लागली.

“हाक मारायची होतीस रे,” ती म्हणाली.

चारच्या बसनं तो गेला. त्यानंतर पावसाळा गेला, पुन्हा थंडी आली. फोन येतात, तो आलेला नाही. कधी मुलीची परीक्षा, कधी गुडघा. तो खोटं बोलत नाही हे तिला कळतं, आणि रस्ता लांबचा आहे हेही कळतं. मंगळवारी मात्र ती भांड्यात तांदूळ जरा जास्तच घेते आणि मग त्यातले मूठभर परत डब्यात टाकते.

“उन्हाळ्यात आलेले ते कोण होते, मावशी?” सायकल काढता काढता नावाड्यानं एकदा विचारलं.

“भाऊ.”

तो थबकला. अकरा वर्षांत तिला भाऊ असल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. “परत येतील ना?”

“ये म्हणाले आहे,” ती म्हणाली, आणि दिवसभराचे बूट धुवायला बादली घेऊन पाण्याकडे निघाली.