चार वाजताची वाहवा

केशोरीत ईश्वरदासच्या दुकानासमोर माझं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे मला घड्याळ लागत नाही. सकाळी भजन सुरू झालं की आठ वाजले. जुनी हिंदी गाणी लागली की दहा. जेवणानंतर आकाशवाणीवरचा एखादा राग, ज्याचं नाव त्याच्या कधी लक्षात राहत नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. मग कव्वाली, भीमगीतं, छत्तीसगडच्या मजुरांकडून मिळवलेला ददरिया, गोंडी रेला, दंडारीची ढोलकी. पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस तो. हात तांब्याच्या तारेत गुंतलेले, कान मोकळे. एकदा मी चिडवलं, "काका, तुम्ही तं काहीबी आयकता." तो भडकलाच. "काहीबी नाई गा. सारंच आयकतो."

गाणं एकट्याने ऐकलं तर अर्धंच पोटात जातं, असं त्याचं म्हणणं. म्हणून रोज चार वाजता त्याला दुधराम लागायचा. दुधराम राइस मिलमध्ये तीस वर्षं मशीनवर. पाळी सुटली की तो थेट इथे यायचा आणि ईश्वरदासच्या बरोबर समोर, तोंडासमोर तोंड करून पत्र्याच्या खुर्चीत बसायचा. दोन ओळी झाल्या की त्याचा निकाल. आवडलं तर "वा!", नाही तर नुसता हात उडवायचा. त्याचा आणि ईश्वरदासचा निकाल कधी वेगळा पडला नाही. "असा कान पंचक्रोशीत नाई," ईश्वरदास आल्यागेल्याला सांगायचा. आम्हीही माना डोलवायचो.

सहा वर्षांपूर्वी ईश्वरदासचा टेप फिती खायला लागला. कॅसेटमधली गाणी कार्डात उतरवून देतो, असं मीच म्हटलं. दोन पोती कॅसेटी निघाल्या. "साऱ्या नाही होणार, निवडून द्या," मी म्हणालो. मग आठ दिवस चार वाजता दुधरामच्या निकालाने निवड चालली. ठेवायच्या त्या टोपलीत, काढायच्या त्या पोत्यात.

त्यात एक कॅसेट होती वच्छलाबाईची, म्हणजे ईश्वरदासच्या बायकोची. भाताच्या रोवणीच्या वेळी त्यानेच बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, धुऱ्यावर बसून भरलेली. पुढे वच्छलाबाईचं गाणं, मागे आठ-दहा बायांची साथ, चिखलाचा चुबुकचुबुक आवाज आणि वाऱ्याची खरखर. त्या खरखरीत बायकोचा आवाज नेमका धरावा म्हणून ईश्वरदास टेपवर वाकला, डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. दुधरामने हात उडवला. "काढ गा. दम नाई याच्यात."

वच्छलाबाई तेवढ्यात चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि हसून म्हणाल्या, "भाऊजी बराबर म्हनतेत. माह्या आवाजाचं काय लोणचं घालाचं हाय?" ईश्वरदासने क्षणभर कॅसेट हातात धरली आणि पोत्यात टाकली. पोतं भंगारवाल्याने नेलं. बायको घरातच होती, आवाज कुठे जाणार होता! पण त्या दिवसानंतर वच्छलाबाई तांदूळ निवडतानासुद्धा गुणगुणल्या नाहीत. लागलं असणार त्यांना.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. तेरावं झाल्यावर ईश्वरदास माझ्या दुकानात आला. "तुह्या कंप्युटरात कुठी राह्यली असंन का रे ते?" मी त्याच्यासमोर सगळं धुंडाळलं. जे टोपलीत आलंच नाही, ते कंप्युटरात कुठून असणार? पायरी उतरता उतरता त्यानेच स्वतःची समजूत घातली. "जाऊ दे. दुधराम खरं तेच बोलला. दोस्ती पाहून खोटं नाई बोलला." एवढ्या एका गोष्टीवर त्याने दोन वर्षं काढली.

यंदा दुधरामचा मुलगा ओमेश, जो फुलचूरला राहतो, बापाला गोंदियाच्या एका तपासणी शिबिरात घेऊन गेला. कानामागे यंत्र लावूनच दोघे चार वाजता दुकानात आले. मी घरची पाण्याची मोटार न्यायला तिथे आलो होतो. ईश्वरदासने दर आठवड्याला लागणारी कव्वाली लावली. दुधरामचा चहाचा हात अर्ध्यावर थांबला.

"हे नवीन हाय का गा? कवा आनलं?"

ईश्वरदासला थट्टा वाटली, तो हसला. ओमेश बिचारा सरळ मनाने म्हणाला, "बाबाले दहा-बारा सालापासून आयकूच येत नव्हतं नं काका. मिलच्या आवाजानं कान गेले. तुमाले माहीत नव्हतं?"

ईश्वरदासने तार खाली ठेवली. "मंग वा वा कायची करत होतास?"

"तुह्या तोंडाकडे पाहून," दुधराम म्हणाला. "मिलमंदी आमी असंच बोलतो. मशीनपुढं कोनाचा आवाज पोचते? तोंड पाहाचं, हात पाहाचा. तुले गोड लागलं का मी वा म्हनो. बहिरा झालो म्हनून सांगतलं असतं तं तू मले चार वाजता बलावलं असतं का?"

"अन् वच्छलाची कॅसेट?"

"वहिनीची? वहिनीची कोन्ती?"

म्हणजे ते गाणं वहिनीचं होतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. वहिनी बाजूला उभी राहून काय बोलली, तेही नाही; त्याचे डोळे ईश्वरदासच्या तोंडावर होते. ईश्वरदासने रोवणीची खूण सांगितली, तेव्हा त्याला आठवलं. "तुह्या कपाळाले आठ्या होत्या गा," तो हळूच म्हणाला, "मले वाटलं, तुले नाई आवडलं."

मला दुधरामची चीड आली, खोटं कशाला बोलू. आणि ईश्वरदासचीही आली. बायकोचा आवाज ठेवायचा की नाही, हे माणूस दुसऱ्याला विचारतो? पण त्याचं तोंड पाहिलं आणि मी मोटार तिथेच ठेवून माझ्या दुकानात आलो.

दुसऱ्या दिवशी रेला रंगात आला होता. चार वाजता दुधराम आला आणि खुर्चीत बसला. ईश्वरदासने हात लांब करून गाणं बंद केलं.

"कायले बंद केलं गा? आता तं मले येते आयकू."

"तुले गानं कायले पाह्यजे?" ईश्वरदास म्हणाला. "पाह माह्या तोंडाकडे. अन् सांग, वा म्हनाचं का हात उडवाचा."