चाकूआत्या

आमच्या आत्याच्या पर्समध्ये आरसा नव्हता, कंगवा नव्हता, पावडरचा डबा तर नव्हताच. घडीचा चाकू मात्र कायम असायचा. लाकडी मुठीचा, दोन्ही टोकांना पितळ लावलेला, मिटला की तिच्या मुठीत दिसेनासा होणारा. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत तिला कुसुम म्हणणारे माझे वडील तेवढे उरले होते. बाकी लहानथोर सगळ्यांची ती चाकूआत्या. मला या नावाचा भलता तोरा होता. शाळेत कुणाची आत्या काय करते यावर बोलणं निघालं की मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी बोलायचे. माझ्यानंतर सांगण्यासारखं कुणाकडे काही राहायचंच नाही.

ती ओझरच्या विमानांच्या कारखान्यात स्टोअरला क्लार्क होती. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बायका मेथी निवडायच्या, स्वेटर विणायच्या, आणि आत्या सगळ्यांचे पेरू कापायची. कुणाच्या पर्सचा बंद लोंबत असेल, कुणाच्या नव्या ब्लाउजला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत असेल, की हाक तिलाच. कारखान्याच्या गेटवर एकदा नवा रखवालदार आला. पर्स तपासताना त्याने चाकू वर काढून विचारलं, “मॅडम, हा कशाला?”

“पेरूला.”

“आणि पेरू नसला तर?”

“तर मग पेरू शोधायचा.”

तेव्हापासून चाकू दिवसभर त्याच्या टेबलाच्या खणात राहायचा आणि संध्याकाळी सुटी झाली की परत मिळायचा. पेरूची एक फोड त्याची ठरलेली होती.

चाकूच्या निवडीबद्दल आत्याची मतं ठाम होती आणि ती न विचारता मिळायची. लोक चाकू घेताना पातं बघतात, हे तिला मुळीच पटायचं नाही. “आधी मूठ बघायची. आपलं काम मुठीशी हाय. चार बोटं बसली पाहिजेत, करंगळी लोंबता कामा नये.” मग ती डोळे मिटून चाकू तळहातावर फिरवायची. डोळे मिटून मुठीचं पोट आणि पाठ ओळखू आली तर तो आपला, असं तिचं म्हणणं. पात्याच्या लांबीवर तर तिचा एकच शेरा होता. “पातं करंगळीपेक्षा लांब असलं, की समजायचं माणसाच्या मनात कायतरी हाय.” कॉलनीतल्या एका पोराने मित्रांत मिरवायला भला मोठा चाकू आणला होता. आत्याने तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “भोपळे कापायला जातोस का रे?” पुन्हा तो चाकू कॉलनीत कुणाला दिसला नाही.

चाकू धरायला मी तिच्याकडूनच शिकले. मी आधी मूठ आवळून धरायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत. ती म्हणायची, “अगं, लेकराचा हात धरून रस्ता ओलांडतो ना, तसा धर. त्याला दुखायला नको आणि तो सुटायलाही नको.” पातं नखाने खाचेतून उघडायचं, मिटताना बोटं फटीपासून दूर ठेवायची, कापताना जोर आपल्यापासून बाहेर लावायचा, हे सगळं तिने मला पेन्सिलीवर आणि उसाच्या कांड्यावर शिकवलं. टोकाने खुपसायला मात्र सक्त मनाई. घडीच्या चाकूने टोचायला गेलं की तो मिटतो आणि आपलीच बोटं कापतो. “म्हणून तर मला हा आवडतो,” ती म्हणायची. “याला भांडता येत नाय.”

आणखी एक तिचा नियम होता. चाकू कुणाच्या हातात ती कधी द्यायची नाही. मागणाऱ्याने हात पुढे केला तरी आत्या चाकू मिटून टेबलावर ठेवायची आणि मग समोरच्याने तो उचलायचा. घरात टेबल नसेल तर जमिनीवर. हातातून हातात चाकू दिला की दोघांत भांडण होतं, असं माझी आजी सांगायची. आत्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर ती त्याला “ये, बस” म्हणायची. मी एकदा तिला छेडलं, “मग चाकू का खाली ठेवतेस?” तर म्हणाली, “भांडण-बिंडण काय होत नाय गं. पण आईने एवढी एकच गोष्ट मागितली होती. ठेवते.” कॉलनीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या केकला बेकरीतून आलेली प्लॅस्टिकची सुरी मोडली, तेव्हाही सगळी कॉलनी टाळ्या वाजवायच्या तयारीत उभी असताना तिने आपला चाकू धुतला, पुसला, केकशेजारी ठेवला आणि मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाली, “उचला.” अध्यक्षांनी मुकाट्याने उचलला. केक अख्ख्या कॉलनीला पुरला आणि मला उगाचच तो मीच सगळ्यांना वाटून दिल्यासारखं वाटत होतं.

आत्याने लग्न केलं नाही. त्यावर कुणी बोलायला लागलं की ती एखादं फळ कापायला घ्यायची आणि बोलणारी बाई फोड खाण्यात गुंतून जायची. आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून, तिने स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर केलं होतं. रिटायर झाल्यावर वडिलांनी तिच्यामागे लकडा लावला, की आता एकटी राहू नको, आमच्याकडे ये. आत्या हसून म्हणाली, “दादा, माझा चाकू मला उघडता येतोय तोवर मी माझ्या घरी. ज्या दिवशी येणार नाय, त्या दिवशी पिशवी घेऊन येते.” वडिलांनी ते लक्षात ठेवलं.

मग एका सकाळी नळाचं पाणी भरताना ती ओट्याजवळ घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठ्यात पूर्वीचा जोर काही आला नाही. वडील तिच्या घरी गेले. मीही होते. त्यांनी प्रेमानेच विचारलं, पण विचारलं, “कुसुम, चाकू उघडून दाखव बरं.” आत्याने नख खाचेत घातलं. पातं हललं नाही. तिने पुन्हा घातलं. तिचा ओठ दाताखाली गेला होता. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीतल्या तुळशीकडे बघत बसले. शेवटी तिने चाकू टेबलावर ठेवला. वडील हळूच म्हणाले, “मग? पिशवी भरायची ना?”

आत्याने टेबलावरचा चाकू बोटाने सरळ केला. मग म्हणाली, “दादा, मी ‘माझा चाकू’ म्हणाले होते. ‘हाच चाकू’ असं कुठं म्हणाले होते?”

वडिलांना हसू आवरलं नाही, आणि तिथेच ते अर्धे हरले. “बरं,” ते म्हणाले, “बघू.”

दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटीवर बसवून भांडी बाजारात नेलं. सुऱ्या-कात्र्यांच्या एका जुन्या दुकानात ती स्टुलावर बसली आणि दुकानदार चाचांना म्हणाली, “डाव्या हाताचं गिऱ्हाईक हाय.” चाचांनी खोकी उघडली. एकाची मूठ गुळगुळीत म्हणून बाद, एकावर करंगळी लोंबते म्हणून बाद. चाचा कंटाळले नाहीत, उलट रंगात आले. “ताई, ये देखो. नुसता खटका दाबा, आपोआप उघडतो.” चाकू खाडकन उघडला. आत्याने मान हलवली. “तो आपोआप उघडतो. मला उघडायचाय.” शेवटी पात्यावर बारकीशी गुंडी असलेला एक चाकू निघाला. डाव्या अंगठ्याने गुंडी ढकलली की पातं सावकाश बाहेर यायचं. तिने डोळे मिटले, चाकू तळहातावर फिरवला, चार बोटं बसवली, आणि डोळे न उघडताच म्हणाली, “हा बांधा.”

पुढचे कितीतरी दिवस ती टीव्हीसमोर, दारात, शेजारणीशी बोलताना चाकू उघडत आणि मिटत होती. डावा अंगठा सोलवटला. आयुष्यभर उजव्या हाताने जगलेली बाई साठीनंतर डावा हात शिकत होती आणि तिला ते कष्ट वाटतच नव्हते. एका रविवारी तिने आम्हाला चहाला बोलावलं. वडील टेकले तशी ती समोर बसली, डाव्या हाताने चाकू उघडला, उजव्या हाताने पेरू दाबून धरला आणि चार फोडी केल्या. फोडी जाडजूड, वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. वडिलांनी एक उचलली, खाल्ली, आणि एवढंच विचारलं, “मीठ आहे का गं?” मला इतका अभिमान वाटला की मी चहा घ्यायचीच विसरले.

पिशवी काही भरली गेली नाही. त्यानंतरची सगळी वर्षं आत्या आपल्याच घरात राहिली, आणि गेली तीही तिथूनच, झोपेत. डाव्या हाताचा तो चाकू टेबलावर होता, मिटलेला. वडिलांनी तो उचलला, तो आता त्यांच्याकडे असतो.

जुना माझ्याकडे आहे. नोकरी लागून मी पुण्याला निघाले, त्या दिवशी निरोप घ्यायला तिच्याकडे गेले होते. तिने पर्समधून तो लाकडी मुठीचा चाकू काढला, पदराने पुसला. सवयीने मी तिच्यासमोरचं टेबल मोकळं केलं, वर्तमानपत्र बाजूला सारलं. पण तिने चाकू खाली ठेवलाच नाही. उजव्या हाताने, त्या जोर नसलेल्या अंगठ्याने धरून, तिने तो माझ्यापुढे केला.

“आत्या, खाली ठेव ना. भांडण होईल आपलं.”

“होऊ दे की,” ती म्हणाली. “भांडायला का होईना, येत तरी जाशील.”

मी चाकू तिच्या हातातून घेतला. ती होती तोवर दर महिन्याला मी नाशिकची गाडी पकडली, आणि दारात पाय ठेवल्याबरोबर कशावरून तरी तिच्याशी भांडले.