उपाशी खोळ द्यायची नाही

ओहायोतल्या डब्लिनमध्ये मराठी मंडळी जमली आणि शरयू पाटणकरचं नाव निघालं, की निम्म्या बायका नाक मुरडायच्या आणि उरलेल्या निम्म्या कान टवकारायच्या. बाई करायचीच तसलं! इतर जणी कॉम्प्युटरचे कोर्स करायच्या, नाहीतर मुलींना नाचाच्या क्लासला सोडायच्या. ही मात्र महिन्यातून एकदा गाडीत गठ्ठे भरून तासभर लांबच्या मैदानावर जायची, ते थेट बंदुकांच्या प्रदर्शनात. भल्यामोठ्या शेडमध्ये टेबलांच्या रांगा, टेबलांवर बंदुका, आणि मागच्या रांगेत एका टेबलाशी पाटणकरबाई टाके घालत बसलेल्या.

शिवायची ती बंदुकीच्या खोळी. बाहेरून जुन्या जीन्सचं कापड, आतून धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, आणि वरून कराडच्या मावशीने शिकवलेला गोधडीचा बारीक धावदोरा. शेजारचा म्हातारा आपली शिकारीची बंदूक फाटक्या चादरीत गुंडाळतो हे पाहून तिने सहज एक खोळ शिवून दिली होती. तो ती प्रदर्शनभर मिरवत फिरला. ते २००३ साल. त्याच वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं आणि शरयूने टेबल घेतलं. त्याआधीची सहा वर्षं, एम.एस्सी. झालेली ही बाई व्हिसाच्या नियमांपायी घरात बसली होती. कुणी ‘श्रीरंगची बायको’ म्हणायचं, कुणी ‘ज्ञानदाची आई’. टेबलाशी ती पहिल्यांदा नुसती शरयू होती. बंदुकांचं तिला काडीचं प्रेम नव्हतं, पण टेबलावर तिचा जीव होता.

आणि २००६ च्या सप्टेंबरात नेमकं तेच जायची वेळ आली. लोक घरबसल्या खरेदी करायला शिकले होते. पट्टे, दुर्बिणी, तेलाच्या बाटल्या, खोळी, सगळं बटण दाबलं की दारात. प्रदर्शनाला येणारी माणसं रोडावली. प्रदर्शन भरवणारा डेल हॉफमन टेबलाशी आला, टोपी मागे सारून म्हणाला, “शरयू, ऑक्टोबरनंतर मागच्या दोन रांगा बंद. तूही ऑनलाइन जा. आता सगळे तेच करतात.”

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की ते करून झालं होतं! श्रीरंगने उन्हाळ्यातच लिलावाच्या एका साइटवर बारा खोळी फोटोंसकट लावल्या होत्या. पहिल्या चार झटक्यात गेल्या. मग एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, तीही फोटोसकट: कोपऱ्यात काहीतरी खडखडत होतं, उसवून बघितलं तर तांदूळ! साइटवाल्यांनी तिच्या सगळ्या खोळी काढून टाकल्या.

तांदूळ शरयूनेच घातले होते. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत घासभर अन्न ठेवायचं, तिला उपाशी ठेवायचं नाही, ही मावशीची शिकवण. मावशी पोळीचा तुकडा ठेवायची. शरयूने आपली अक्कल चालवून कोरडे तांदूळ ठेवले, एवढाच काय तो फरक.

“अगं, तांदूळ तेवढे स्किप कर ना यार,” श्रीरंग म्हणाला. “मी उद्याच परत लिस्ट करतो.”

“मॉम, देअर्स फूड इन इट,” ज्ञानदा म्हणाली. “दॅट्स सो वीअर्ड.”

“असू दे वीअर्ड. उपाशी खोळ मी कुणाच्या हातात द्यायची नाही. तांदळाशिवायची पाहिजे, तर मशीनवर शिवलेली घ्यावी त्यांनी.”

हट्टी म्हणावं तर होतीच. पण माझ्या मते अशा वेळी हट्टच कामाला येतो.

ऑक्टोबरचं प्रदर्शन आलं. शेवटचं म्हणून श्रीरंग आणि ज्ञानदाही गठ्ठे उचलायला आले होते. अकरा वाजेपर्यंत मागच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं. मग वॉल्ट नावाचा एक वयस्क माणूस आला. खांद्यावर वडिलांची बंदूक, दारावर तपासून, चाप ओढता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली. इंटरनेटवरून मागवलेली खोळ त्याला आखूड पडली होती. त्याने टेबलावरची एक खोळ उचलली, कोपरा चिमटीत दाबला आणि विचारलं, “यात काय आहे?”

शरयूला ती फोटोसकट आलेली तक्रार आठवली. क्षणभर वाटलं, थाप मारावी. पण तिने सरळ सांगून टाकलं, “तांदूळ. आमच्याकडे हिला उपाशी ठेवत नाहीत.”

वॉल्टने कोपरा पुन्हा चिमटीत दाबला. मग म्हणाला, “आणि घालतं कोण? तू?”

शरयू थबकली. आजवर तीच घालत आली होती, कारण गोधडी शिवायची ती आणि पांघरायचेही घरचेच. पण ही खोळ तर याची! तिने एक अर्धवट शिवलेली, कोपरा उघडा असलेली खोळ पुढे केली आणि तांदळाचा डबा उघडला. “तुमची खोळ आहे. तुम्हीच भरवा.”

म्हाताऱ्याने टोपी काढली. जाडजूड बोटांनी चिमूटभर तांदूळ आत सोडले. शरयूने त्याच्यासमोर कोपरा शिवून दोरा तोडला. वॉल्टने खोळ छातीशी धरली आणि शेडभर ऐकू जाईल अशी हाक मारली, “अरे, इकडे या रे! हिला जेवायला घालायचं असतं!”

मग काय विचारता! आधी दोघं आले, मग दहा, मग रांग दारापर्यंत गेली. उघड्या कोपऱ्याच्या खोळी संपल्या, तेव्हा शरयूने शिवलेले कोपरे उसवले. श्रीरंग खडू घेऊन बंदुकांची मापं आखू लागला. ज्ञानदा डबा धरून प्रत्येकाला बजावत होती, “जस्ट अ पिंच, प्लीज!” एकाने गाडीतून स्वतःच्या शेतातले मक्याचे दाणे आणले, ते शरयूने आनंदाने चालवून घेतले. हरणाचं वाळवलेलं मांस मात्र हात जोडून परत केलं. तीन वाजता टेबलावर फक्त टेबल उरलं. वहीत पुढच्या खोळींसाठी नावंच नावं. शरयूला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागत होते.

डेल हॉफमन रांगेच्या कडेकडेने वाट काढत आला.

“मागच्या रांगा बंदच होणार,” तो म्हणाला. “तुला कुठे बसायचंय ते सांग.”

शरयूने शेडभर नजर फिरवली. “दारासमोर. आणि दोन टेबलं.”

“दारासमोर वीस वर्षं मी बसतोय!”

“मग थोडं सरका,” शरयू भरात मराठीतच बोलून गेली, आणि हाताने दाखवलं.

डेल सरकला.