बाबांचं इंग्रजी गाऱ्हाणं

मी नुकतीच बारावी झाले होते. २००२ च्या मे महिन्यात बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. हात आठवड्याभरात हलू लागला. बोलणं यायला तीन आठवडे लागले आणि आलं ते इंग्रजीतून. खिडकी कृपया बंद करावी, असं काहीतरी ते म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत गो?"

त्यानंतर घरात हाच प्रश्न दिवसातून वीसदा विचारला जाई.

बाबा रत्नागिरीतल्या केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. तीस वर्षं त्यांनी इंग्रजी पत्रांचे मसुदे केले. ती भाषा ते नोकरी लागल्यावर डिक्शनरी घेऊन शिकले, आणि त्याच हौसेने त्यांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं. घरी मात्र ते आमच्या गावचं बोलत. आता ते बोलणं त्यांना कळे, पण तोंडात येत नसे. मराठी शब्दासाठी ते ओठ जुळवून बसत, कपाळावर घाम येई, आणि मग इंग्रजी शब्द अगदी सहज बाहेर पडे, तोही कचेरीतला. आमटीत मीठ कमी असलं तर ते निदर्शनास आणून देत.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, कारण आईने मलाच पुढे केलं होतं. ते म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही एकदमच जाग्या असतात. बोलताना एक पुढे येते, कारण मेंदू दुसरीला दाबून धरतो. आपल्याला ते जाणवतही नाही. बाबांचं ते दाबणं-सोडणं बिघडलंय. मराठी पुसली गेलेली नाही, ती सुटत नाहीये.

घरी येताना मी स्वतःचाच विचार करत होते. शाळेत मैत्रिणी इंग्रजीत बोलत तेव्हा माझ्याकडे मराठी वाक्य तयार असे, आणि गावी काकू काही विचारी तेव्हा इंग्रजी. एकीला दाबता दाबता दुसरीही दबून जाई. लोक म्हणत, मुलगी शांत आहे.

मिरकरवाड्याहून टोपली घेऊन येणारी कोळीण पायरीवर बसून आईला म्हणाली, "काय वो वैनी, तुमचे सायब झाले म्हणं! आता बांगड्याचा भाव पण विंग्रजीत सांगू काय?"

आई हसली. मासे घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

गणपतीला गावी जायचंच, असं बाबांनी ठरवलं. गाव हेदवीच्या अलीकडे. आमच्याकडे आरती झाली की घरातला थोरला पुरुष देवापुढे गाऱ्हाणं घालतो. मुंबईच्या चाकरमान्यांपासून गोठ्यातल्या गुरांपर्यंत सगळ्यांची राखण तो मोठ्याने मागतो. प्रत्येक मागणीनंतर थांबतो, बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात, मगच तो पुढे जातो. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारची वाडीसुद्धा येत असे.

जयगडची खाडी ओलांडताना होडीत ते मला इंग्रजीत म्हणाले, मी थांबलो की होकाराची सुरुवात तू कर, बाकीचे मागून म्हणतील. मी कुठे थांबलो ते तुलाच कळणार आहे.

मी मान डोलावली.

आरती संपली. काका पुढे झाले. "दादा, यंदा मी घालतो. तू बस निवांत."

बाबांनी डाव्या हाताने त्यांना बाजूला केलं आणि हात जोडले. ओठ जुळवले. खोलीत वीस-पंचवीस माणसं होती, सगळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग इंग्रजी आलं. पत्राला मायना असतो तशी सुरुवात झाली. गतवर्षी दिलेल्या कृपेबद्दल आम्ही आभारी आहोत. ते थांबले.

कुणी काही म्हटलं नाही. वाक्य संपलंय हे कुणाला कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते, लहानपणापासून मी ते सगळ्यांच्या आवाजात मिसळून म्हणत आले होते. एकटीने कधी म्हटले नव्हते. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नजर आरतीच्या ताटाकडे वळवली.

मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी मुलाने फिस्सकन हसून तोंडावर हात धरला.

बाबा पुढे बोलले. भावाच्या कुटुंबाची काळजी घेण्यात यावी. थांबले. तेव्हाही मी गप्प. मग पुन्हा गणपतीकडे तोंड करून, हळू आवाजात, शेवटचं वाक्य म्हणाले. माझ्या मुलीला या दुभाष्याच्या कामातून कार्यमुक्त करण्यात यावं, ही विनंती.

हे त्यांनी आधीच ठरवून आणलं होतं की माझा चेहरा बघून सुचलं, ते मला आजही ठाऊक नाही.

काकांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. घर दणाणून "व्हय महाराजा" आलं. त्यात माझाही आवाज होता.

संध्याकाळी मागच्या पडवीत आईने विचारलं, "काय मागितलंनी गो त्यांनी?"

"सगळ्यांना सुखी ठेव म्हणाले. काकांच्या घरच्यांना सांभाळ म्हणाले."

"आणि?"

"एवढंच."

रत्नागिरीला परतल्यावर बाबा हातांनी सांगू लागले. पाणी हवं असलं की भांडं दाखवत, दिवा नको असला की बटणाकडे बोट. आई ते झटपट शिकली, तिला आता माझ्याकडे बघावं लागत नसे. डॉक्टर म्हणाले, भाषा पुन्हा मागे गेली असावी, असं होतं कधी कधी. आईने मान हलवली. मी शेजारीच उभी होते. ते इंग्रजी मागे गेलेलं नव्हतं. दुपारी इंग्रजी पेपर वाचताना बाबांचे ओठ हलत ते मी दारातून पाहत असे. मी आत पाऊल टाकलं की ते मिटत.

पुढे चार वर्षं ते होते, माझ्याशी हातांनीच बोलत.