आमदारांनी मागे घेतलेली दुरुस्ती

पेण आणि रोह्याच्या मध्ये, कासू स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आमची शाळा होती. विनाअनुदानित. म्हणजे सरकारने परवानगी दिलेली, पण शिक्षकांच्या पगाराशी संबंध न ठेवलेली. मी तिथे मराठी शिकवत असे. गणिताचे सर डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला होते. रात्रपाळी करून ते थेट शाळेत येत आणि फळ्याला टेकून डुलक्या घेत. पोरं त्यांना हळूच उठवायची, कारण सर त्यांना आवडत.

अशा शाळांना अनुदान देणारं विधेयक येणार असं कळलं, तेव्हा मुख्याध्यापकांबरोबर आम्ही दोघं आमदारांच्या घरी गेलो. मसुदा मी मिळवून वाचला होता. पात्र शाळांना अनुदान 'देता येईल', असं त्यात होतं.

मी म्हटलं, "साहेब, 'देता येईल' नको. 'देण्यात येईल' असं करा. नाहीतर द्यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर राहील."

"बाई, ही दुरुस्ती मी स्वतः मांडतो," आमदार म्हणाले. "तुम्ही गॅलरीत बसून बघाच."

त्यांनी पास दिले. मुख्याध्यापक आणि मी विधानसभा बघायला गेलो. विधेयक आधीच मांडून झालं होतं, त्या दिवशी चर्चा आणि मंजुरी होती. खाली निम्मी बाकं रिकामी. एक सदस्य शिक्षणावर बोलायला उठले आणि आपल्या गावच्या पुलावर बोलून बसले. दुसऱ्यांनी गुरूचं महत्त्व सांगितलं, तेही गुरूंच्या पगाराचं नाव न काढता. आमच्या नववीच्या वर्गात कोणी इतकं विषय सोडून लिहिलं असतं, तर मी वही परत दिली असती.

मग एकेक कलम मतास आलं. अध्यक्ष वाचत, बाकांवरून 'होय' येई, कलम मंजूर. आमच्या कलमाची पाळी आली आणि आमदारांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "मंत्रिमहोदयांनी दिलेल्या आश्वासनामुळे मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

मंत्र्यांनी आश्वासन दिलंच नव्हतं. ते त्या वेळी शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी सांगून हसत होते. मी ताडकन उभी राहिले.

"बाई, खाली बसा," गॅलरीतला पहारेकरी दबक्या आवाजात म्हणाला. मी बसेपर्यंत ते कलम मंजूर झालं होतं, आणि थोड्या वेळात अख्खं विधेयक. बाकं वाजली.

बाहेर आमदार भेटले. "बघितलंत ना? झालं काम!"

मुख्याध्यापकांनी वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "साहेब, दुरुस्ती मागे का घेतलीत?"

"वरून निरोप आला, घोळ नको म्हणून. आणि विधेयक तर पास झालं ना!"

परतीच्या एसटीत मुख्याध्यापक आनंदात होते. त्यांना काय मिळालं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे विधान परिषदेने ते एक शब्दही न बदलता मंजूर केलं, राज्यपालांची सही झाली, राजपत्रात छापून आलं आणि त्याचा कायदा झाला. इतक्या हातांतून गेलं, पण एकालाही त्यात खोट दिसली नाही. किंवा दिसली, आणि तीच त्यांना हवी होती.

मग रोह्याच्या सभागृहात आमदारांचा सत्कार ठरला. आभार मानायला मला उभं केलं. शाल, नारळ, भाषणं झाली. मी माईक घेतला.

"साहेबांनी आमच्यासाठी दुरुस्ती आणली," मी म्हटलं, "आणि कोणी न दिलेल्या आश्वासनावर समाधान मानून ती मागे घेतली. इतक्या थोड्यात समाधान मानणारे आमदार आम्हाला लाभले, त्यांचे आभार."

आमदारांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. सभागृह एकदम गप्प झालं, तेव्हा त्यांचे हात थांबले. कळायला त्यांना एवढा वेळ लागला.

दाराशी माझ्या एका विद्यार्थिनीची आई भेटली. मिठागरात काम करायची. "बाय, बरा बोललीस गो," ती म्हणाली. "आता तुजी नोकरी जाईल ना?"

"पगारच नाय, तर नोकरी कसली जायची?" मी म्हटलं. दोघीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, साहेबांची माफी मागून या."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे, तुम्हालाही आहे," मी म्हटलं आणि तासाला गेले.

अनुदान आलं नाही. 'देता येईल' म्हणणाऱ्या कायद्याने ते ज्यांना द्यायचं त्यांना दिलं. मुख्याध्यापक त्याचा दोष माझ्या भाषणावर ढकलत राहिले. गणिताच्या सरांनी शाळा सोडली, कंपनीत कायम झाले. मलाही पेणच्या एका अनुदानित शाळेत जागा मिळाली.

बऱ्याच वर्षांनी आमच्या जुन्या शाळेला थोडंफार अनुदान सुरू झालं. मुख्याध्यापकांनी निवृत्तीआधी त्याच आमदारांना बोलावून हार घातला. मलाही आमंत्रण होतं. त्या दिवशी मी नववीचा जादा तास ठेवला आणि पोरांकडून निबंध लिहून घेतले.